माझी शिट्टी साडीच्या घडीत आहे

मी पाच लिटरचा कुकर. बोलतोय खरा, पण माझा आवाज माझ्याजवळ नाही. गेले सात महिने माझी शिट्टी पेटीत, एका जुन्या साडीच्या घडीत आहे. शिट्टी नसलेला कुकर म्हणजे नुसतं जड पातेलं. सध्या माझ्यात कांदे ठेवतात.

गौरम्मांनी मला उदगीरच्या बाजारातून हुलसूरला आणलं. त्यांच्या मुलाचं, शरणबसवचं, नुकतंच लग्न झालं होतं. सून मल्लेश्वरी निंबर्ग्याची. माहेरहून परातीपासून चिमट्यापर्यंत सगळी भांडी आली, कुकर तेवढा आला नाही. "सगळं दिलं आन् कुकरच इसरले बघा," असं गौरम्मा येईल त्या बाईला सांगायच्या. विसरलं कुणीच नव्हतं. ते मला पुढे कळलं.

सूनबाई बोलायची कमी. पण हाक ऐकली की धावत यायची. हाताला पीठ असो, तोंडात घास असो. "आमच्या मल्लेश्वरीला दुसरी हाक लागत न्हाई," गौरम्मा अभिमानाने सांगायच्या. ऐकणाऱ्या बायका आपापल्या सुनांकडे बघायच्या.

माझी पहिली शिट्टी झाली तेव्हा तिच्या हातातलं ताट पडलं. ती सापडली परसात, लिंबाच्या बुंध्याशी. अंगाला घाम, हात थंडगार.

"कुकरला भेतीस? आन् सासूला भेत न्हाईस?" गौरम्मा हसल्या. पण रोज तेच व्हायला लागलं तेव्हा हसू आटलं. मल्लेश्वरी तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवायची, दोन-दोन तास.

"कामून गं, डाळ शिजवायलीस का दगड?"

गौरम्मा वाईट बाई नव्हेत. शेतातला नवा बैल ट्रॅक्टरला बुजला, तर त्याला ट्रॅक्टरशेजारीच बांधायचं, ही त्यांच्या घरची रीत. तोच उपाय त्यांनी सुनेवर केला. एका दुपारी मला गॅसवर चढवलं, तिला समोर बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. "दहा शिट्ट्या ऐक. भीती मरंल."

मी दिल्या. आच लागली की शिट्टी द्यायची, एवढंच मला येतं. सातव्या शिट्टीला ती कानांवर हात दाबून भिंतीशी आक्रसली होती आणि सारखं म्हणत होती, "आले अक्का, आले... आले."

शरणबसवने येऊन कडी काढली. गौरम्मा घाबरल्या, बाहेरचं लागलंय म्हणाल्या. तिच्या कपाळाला विभूती लावली, आणि थोडी माझ्या दांड्यालाही.

संध्याकाळी ती नवऱ्याजवळ बोलली, माझ्यासमोरच. गुरुबाई तिची थोरली बहीण. दोन वर्षांपूर्वी गुरुबाईने स्वयंपाकघरातून हाक मारली होती, "मल्ली, शिट्टी होईना गं. बघ जरा." ही मोबाइलवर बोलत होती. "आले," म्हणाली, आणि गेली नाही. गुरुबाईच झाकणाला हात लावायला गेली, आणि कुकर फुटला. आठव्या दिवशी ती गेली. लग्न मोडेल म्हणून माहेरच्यांनी सासरी सांगितलं होतं, तापाने गेली.

फुटला तो माझ्याच जातीचा. मला पहिल्यांदाच माझ्या अंगाची लाज वाटली.

गल्लीतली आशा कार्यकर्ती प्रियंका म्हणाली, "बिदरच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर हायत. घेऊन जावा."

"येड्याच्या डॉक्टरकडं? गावात तोंड कसं दाखवायचं?"

"अव्वा," शरणबसव आईला म्हणाला, "बैल आजारी पडला की तू जनावराचा डॉक्टर बोलावतीस. ही तर माणूस हाय."

ती दोघं गेली. परत आल्यावर त्याने जेवताना सांगितलं, "डॉक्टर म्हनले, घडून गेलेलं तिच्या अंगाला अजून आत्ताच घडायलंय. ह्याला औषध हाय, पर जबरदस्ती न्हाई. आन् दहा शिट्ट्यांचं ऐकून लई रागावले."

गौरम्मांनी भाकरीवर मान खाली घातली. जेवण झाल्यावर माझी शिट्टी काढली आणि पेटीत नेऊन ठेवली.

आता हळदीच्या डब्याशेजारी गोळ्या असतात. दर पंधरा दिवसांनी बिदर. तिथे ती बोलते, रडते. येताना एसटीत झोपते म्हणे. गेल्या महिन्यापासून पेटी उघडून शिट्टी तळहातावर घेते, मोजून दोन मिनिटं, आणि परत घडीत ठेवते. शिट्टी काय म्हणत असेल? मला ती दुरून दिसते फक्त. वाफेची, डाळीच्या वासाची, माझ्या त्या आगाऊ आवाजाची मला फार आठवण येते.

काल सकाळी ती उंबऱ्यावर चहा पीत होती. आतून गौरम्मांची हाक आली, "मल्लेश्वरी, डाळ बघ गं जरा!"

ती अर्धी उठली. मग ती परत बसली.

"येते आत्या. चहा संपवून."

आजवर या घरात असं उत्तर कुणी ऐकलं नव्हतं. गौरम्मा पदर खोचत स्वतःच गॅसकडे आल्या. उंबऱ्यावर ती डोळे मिटून, श्वास रोखून बसलेली.

डाळ उतू गेली. नुसती उतू गेली.

"सगळी शेगडी भरली बाई," गौरम्मा पुटपुटल्या, आणि फडकं घेऊन पुसायला लागल्या. मग बाहेर डोकावून म्हणाल्या, "पी तू. निवंल."

मल्लेश्वरीने डोळे उघडले आणि ती उरलेला चहा प्यायली, घोट घोट, शेवटपर्यंत.

तेव्हा, माझी कीव येऊन कुणी त्या पेटीला हात लावू नका. मला घाई नाही. कांदे सांभाळतो. तिला वाटेल त्या दिवशी ती स्वतः शिट्टी आणेल.