आन्सेल्मचा खण

मी एक जुनी मांडणी आहे, मित्रांनो, अक्रोडाच्या लाकडाची. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका चढावर छोटी खाणावळ आहे, तिथे दारालगतच्या भिंतीला मी उभी असते. मालकीण जोझेतच्या आजीने मला एका सुताराकडून करून घेतलं. माझे खण ओंजळीएवढे. प्रत्येकात रोजच्या जेवणाऱ्याचा कापडी रुमाल असतो. इथे खण मिळाला की माणूस गिऱ्हाईक राहत नाही, घरचा होतो. त्यामुळे माझा रुबाब मोठा होता.

आन्सेल्म पेराशों हा म्हातारा ट्रामचालक माझा लाडका. आल्याबरोबर खण उघडायचा, रुमाल गळ्यात खोचायचा आणि म्हणायचा, “चला, सुटली गाडी!”

एका हिवाळ्यात तो यायचा थांबला. जोझेत रोज म्हणायची, “उद्या बघून येते.” तिचा तो उद्या काही उजाडला नाही. तेवढ्यात नव्याने जेवायला येऊ लागलेल्या एका वकिलाने खणासाठी लकडा लावला.

आचारी रेजी म्हणाला, “द्या की! म्हातारा गेला असेल.”

“गेला असता तर कळलं नसतं?”

“तुम्ही विचारलंत कुठे?”

जोझेतने आन्सेल्मचा खण ओढला. दमट हवेत मी एरवी हटकून अडते, पण त्या दिवशी निमूट उघडले. ते मला अजून खातं. आन्सेल्मचा रुमाल भटारखान्यात ओटा, कढया पुसायला गेला.

वसंतात आन्सेल्म काठी टेकत आला. सवयीने हात खणाकडे गेला. बाहेर आला तो कडक खळीचा, परक्या नावाचा रुमाल. त्याने तो घडीवर घडी घालून परत ठेवला.

“अहो, तुम्ही येत नव्हतात ना...” म्हणत जोझेत पुढे आली.

“पाय मोडला होता, मादाम. दोन गल्ल्या सोडून तर राहतो.”

“आत्ता रिकामा करून देते!”

“नको. कागदी रुमाल द्या.”

वकिलाला दुसरा खण मिळाला. जोझेतने आन्सेल्मचा रुमाल उकळून, इस्त्री करून पुन्हा माझ्यात ठेवला. कढईची काजळी मात्र गेली नाही. आन्सेल्म अजून येतो. मसुराची उसळ, सॉसेज मागवतो, सगळ्यांना नमस्कार करतो. माझ्याकडे बघत नाही.

मित्रांनो, कुणाची जागा रिकामी दिसली तर ती दुसऱ्याला देण्याआधी त्याच्या दारावर थाप मारून या. जोझेतची माफी त्याने केव्हाच स्वीकारली. तोंड मात्र तो कागदी रुमालानेच पुसतो.