कमलाच्या कपाळावरची चंद्रकोर

१९७६ साली आम्ही लखनौला अलीगंजमध्ये राहायला गेलो, तेव्हा शेजारी भंडाऱ्याकडचं एक कुटुंब होतं. श्रीपत सरकारी कचेरीत कारकून, बायको कमला आणि मुलगी चंदा. कमलाच्या भुवयांच्या मधोमध हिरवं गोंदण होतं. चंद्रकोर आणि वर दोन ठिपके.

गल्लीतल्या बायका हसून विचारत, "ये गोदना किस गाँव का है, बहनजी?" एकदा ते ऐकून कमला तडक माझ्याकडे आली. मी तिला मोठ्या टिकल्यांचं पाकीट दिलं. रुपयाएवढी टिकली लावली की गोंदण दिसेनासं होई.

"लहानपणी बळजबरीने गोंदलं का गं?" मी विचारलं.

"छे! थोरल्या हेमाआक्काचं होतं म्हणून मीच रडून मागून घेतलं, ताई. सगळ्या बहिणींत माझंच कपाळ कोरं होतं ना."

पुढे आठ वर्षं मी तिला टिकलीशिवाय पाहिलं नाही.

१९८४ मध्ये श्रीपत अचानक गेला. "आमच्यात टिकली काढायचं तसं काही बंधन नाही," कमला म्हणाली, पण गल्लीचे डोळे तिच्यावर होते. तिने टिकली काढली. गोंदण पुन्हा दिसू लागलं.

श्रीपतच्या जागी तिला नोकरी मिळायची होती. चंदा दहावीत, दुसरा आधार नाही. अर्जाला फोटो हवा म्हणून मी तिला स्टुडिओत घेऊन गेले.

"माथे का दाग साफ कर दूँ?" फोटोवाल्याने विचारलं.

कमला माझ्याकडे बघू लागली. "कर दो, भैया," मीच म्हणाले.

त्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली. फोटोत कपाळ अगदी स्वच्छ आलं. कमला तो फोटो बराच वेळ हातात धरून बसली होती.

कचेरीतल्या बाबूने श्रीपतची फाइल काढली. त्यात त्याने स्वतः कुटुंबाची माहिती भरली होती. पत्नीच्या नावापुढे ओळखीची खूण म्हणून लिहिलं होतं, "माथे पर गोदना, चाँद और दो बिंदी."

"फोटो में तो कुछ है नहीं," बाबू म्हणाला. "दूसरा लाइए. सोमवार आख़िरी तारीख़ है."

कमलाने तो कागद दोनदा वाचला. खाली तारीख १९७९ ची होती. तेव्हा ती सकाळी उठल्याबरोबर टिकली लावायची.

त्याच दुपारी आम्ही पुन्हा स्टुडिओत गेलो. फोटोवाला काही विचारायच्या आत ती म्हणाली, "कुछ मत करना, भैया. जैसा है, वैसा."

दोन महिन्यांनी ती कामावर रुजू झाली. अर्ज दिला तो सोमवार मात्र मला अजून आठवतो. अर्जावर फोटो चिकटवताना मी ते गोंदण पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"चंद्रकोर जरा तिरकी आहे गं," मी म्हणाले.

"सुई टोचली तेव्हा मी हलले होते," कमला म्हणाली. "आक्काने घट्ट धरलं होतं, तरी हलले."