कुंपणाची टिकटिक

"माझ्या चौसष्ट कॉम्प्युटरांच्या तावडीतून माशीसुद्धा सुटत नाही," असं मी कार्नार्वन गावातल्या खाटकाच्या दुकानात चारचौघांत बोललो. ते मंगळवारी. गुरुवारी टिकटिक सुरू झाली.

आमचं काम सोपं. रेडिओ-दुर्बिणीच्या ताटल्यांत आकाशातून पडलेल्या रेडिओलहरींच्या चौसष्ट पट्ट्या चिरायच्या, एकेका कॉम्प्युटरला एकेक द्यायची, सगळे एकदम कामाला. टिकटिक सगळ्यांनाच ऐकू येत होती, पण पुढेमागे. वरच्या पट्टीला आधी, खालच्यांना उशिरा. मी म्हटलं, यांची घड्याळं बिघडली! प्रत्येकाचा उशीर मोजून वजा केला. आता सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू यायला लागली. म्हणजे आवाज जवळचाच. आणि जवळ कोण? ऊम अपॉलिस (ऊम म्हणजे इकडे काका), मेंढ्यांभोवती कोल्ह्यांसाठी टिकटिकणारं विजेचं कुंपण घालून बसलेले.

"ऊम, कुंपण बंद करा."

"आणि मेंढ्या?"

"दोनच दिवस. जबाबदारी माझी."

"एल्रॉय, लेकरा, वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. जेवढा उशीर, तेवढं लांब. तुझ्या डब्यांना उशिरा ऐकू येत होतं, तूच सांगितलंस ना? मग ते माझं कसं रे?"

"ऊम, तुम्ही मेंढ्या सांभाळा. विज्ञान माझ्यावर सोडा."

"सांभाळू कुठं देतोयस!"

पण कायदा दुर्बिणीच्या बाजूचा, तिच्या आसपास लहरींचा गोंगाट करायला बंदी. म्हाताऱ्याने बटण बंद केलं. दोन दिवसांत अकरा मेंढ्या गेल्या. टिकटिक चालूच.

मग केपटाऊनहून आमच्या मॅडमचा फोन. "खालच्या पट्ट्यांना उशिरा येत होती?"

"हो मॅडम, मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त? अरे शहाण्या, लांबून येताना खालच्या लहरी मागे पडतात; लांबच्या ताऱ्याची खूणच पुसलीस तू! मूळ नोंद पाठव."

मूळ नोंद मावतच नाही, म्हणून दर तासाला पुसतो आम्ही. माझी दुरुस्ती काढेपर्यंत तारा गप्प झाला. काही तारे होतात म्हणे तसे, वर्षानुवर्षं.

ताऱ्याचं जाऊ दे. ऊमकडे गेलो तर शिव्या नाहीत, काही नाही. कॉफी पुढे सरकवली.

"साखर नाही हं. मेंढी विकून आणणार होतो."



शनिवारी मी एकट्याने कुंपण जोडलं. एकेक खांब तपासला, तारा ताणल्या, फाटक लावलं, बटण दाबलं. उत्तम चाललं.

कोल्हा आत होता.