एकशे ऐंशी किलोमीटर आणि सोळा किलो

ताईंची धाकटी बहीण डोंगरापलीकडच्या शहरात दवाखान्यात होती. त्याच दिवशी सकाळी अकराला तिचं पोटाचं ऑपरेशन ठरलेलं, आणि ती हटून बसली होती, "ताई समोर आल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही." डॉक्टर दुपारी दुसऱ्या गावी निघणार, ते थेट पुढच्या आठवड्यात परत येणार. दुखणं काही आठवडाभर दम धरणारं नव्हतं.

मुलाने फोनवर पाहून सांगितलं, "आई, सरळ रेषेत एकशे ऐंशी किलोमीटर. विमानाने पंचेचाळीस मिनिटं. गाडीने डोंगराला वळसा, चारशे दहा. नऊ तास धर."

"मग विमानच. मी काय वळसे घालत बसू?"

तिकीट काढताना त्याने वजन विचारलं. सून शेजारीच ताटं पुसत उभी होती. ताई चटकन म्हणाल्या, "पंचावन्न." सुनेने मान खाली घातली. ती हसली की नाही, हे ताईंनी मुद्दामच पाहिलं नाही.

विमानतळ म्हणजे एक पत्र्याची खोली, चार बाकं आणि दाराशी धान्याच्या वखारीत असतो तसला काटा. विमान नऊ जणांचं. म्हणून सामानाबरोबर माणसंही तोलून घेत.

"मी काय पोतं आहे?" ताई कडाडल्या.

"आजी, सगळेच चढतात. पायलटसुद्धा," काटेवाला म्हणाला.

"आजी तुझ्या घरी!" असं म्हणत त्या चढल्या. काटा एकाहत्तरावर जाऊन थांबला. काटेवाल्याने कागद पाहिला, काटा पाहिला, ताईंकडे पाहिलं.

"इथे पंचावन्न लिहिलंय."

"काटा बिघडलाय तुझा."

त्याने वीस किलोचं वजन ठेवून दाखवलं. काटा वीसवर. खोलीतले बाकीचे आठही प्रवासी बुटांकडे बघू लागले.

"विमान काठोकाठ भरलंय. सोळा किलो जास्त होतात. शेवटी आलेल्याचं सामान राहील, नाहीतर तुम्ही उद्या या."

शेवटी आलेला एक मास्तर होता, पेपरांचा गठ्ठा छातीशी धरून. तो बिचारा गठ्ठा खाली ठेवू लागला. सव्वानऊ वाजले होते.

ताईंनी आयुष्यात कुणाकडून ऐकून घेतलं नव्हतं, आणि चूक कबूल करणं तर त्याहून जड.

"उचला तो गठ्ठा," त्या म्हणाल्या. "वजन मी खोटं सांगितलं. सुनेसमोर. माझी बॅग काढ. सतरा किलो भरेल ती."

"आई, कपडे आहेत त्यात, औषधं आहेत!" सोडायला आलेला मुलगा म्हणाला.

"औषधं दे हातात. कपडे बसने पाठव. आणि तोंड मिटून घरी जा."

पंचेचाळीस मिनिटं त्या मास्तरशेजारी डोळे गच्च मिटून बसल्या. एकदाही खिडकीतून बघितलं नाही.

साडेदहाला त्या दवाखान्यात पोहोचल्या. बहिणीने हात पुढे केला, तो ताईंनी धरला, आणि दुसऱ्या हाताने कागद तिच्यासमोर सरकवला.

"ताई, भीती वाटते गं."

"वाटू दे. सही कर. मी त्या दारासमोरच बसते."

बहिणीने सही केली. तिला आत नेलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर जागा नव्हती. ताईंनी एका पोराला उठवलं आणि बसल्या.

ऑपरेशन दोन तास चाललं. नीट झालं. बॅग तिसऱ्या दिवशी आली, तोवर ताई बहिणीच्या नवऱ्याच्या सदऱ्यात वावरल्या.