आधी कोण जेवणार

"आधी तू बस."

"मी मागून बसते. तू जेव."

"मागून मी जेवणार, आई. ठरलंय आपलं."

"तुझं ठरलंय. मला कोणी विचारलं?"

दोन रिकामी ताटं आणि त्यांच्यासमोर दोन हट्टी माणसं. एक एक्याऐंशी वर्षांची आई, दुसरा पन्नाशी उलटलेला तिचा मुलगा. भात निवत चालला होता. सून हातात डाव धरून उभी होती. शेवटी ती म्हणाली, "आणि मी कितव्या नंबरावर आहे, तेही एकदा सांगून टाका. पाय दुखायला लागले माझे."

हा मुलगा म्हणजे हमरस्त्यावरच्या वजनकाट्यावर बसणारा काटेवाला. भरलेला ट्रक यायचा, मग तोच रिकामा होऊन यायचा, आणि दोन वजनांची वजाबाकी करून माल किती ते हा सांगायचा. सव्वीस वर्षं हेच काम. वजनात दहा किलोंचीही सूट देत नसे, त्यामुळे ड्रायव्हर लोक तोंडावर त्याला मान द्यायचे आणि पाठीमागे काय द्यायचे ते विचारू नये.

घरातले पुरुष सगळे हाडाचे खवय्ये, आणि त्रेपन्नावा वाढदिवस एकानंही पाहिला नव्हता. वडील जेवता जेवता छाती धरून गेले. काका एक्कावन्नाव्या वर्षी. गेल्या वर्षी थोरला भाऊ गेला, बावन्न वर्षं चार महिने नऊ दिवसांचा होऊन. डॉक्टरीणबाईंनी काटेवाल्याचे कागद चाळले आणि सांगितलं, "तुमच्या घरात हृदयाचं दुखणं आहे. गोळ्या देते, पण त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. चाला, आणि जेवण कमी करा. थोडी भूक शिल्लक असतानाच उठायचं."

भूक शिल्लक ठेवून उठणारा पुरुष काही त्यानं घरात पाहिला नव्हता. मग त्याची नजर आईवर गेली. घराच्या चाळीस पायऱ्या ती न थांबता चढायची. तिची सासू नव्वदी गाठून गेली होती, आत्या अजून ठणठणीत होती. या बायका काय खातात? तर सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरेल ते. तळाची खरवड, भाजीतलं उरलेलं पाणी, कधी नुसता भात. शितावरून भाताची परीक्षा करावी तसा त्यानं निकाल लावून टाकला. आजपासून आपणही आईसारखंच जेवायचं, सगळ्यांच्या शेवटी आणि उरलंसुरलं.

आठ महिने त्यानं हे नेमानं केलं. दर सोमवारी पहिला ट्रक यायच्या आत तो स्वतः काट्यावर उभा राहायचा. काटा पडला ट्रकांचा, दहा किलोंच्या खाली त्याला काही कळत नसे. चार महिने तो नव्वदवरच बसून राहिला. "काटेवाले, त्याला टनांची सवय," एक म्हातारा ड्रायव्हर म्हणायचा. "तुमच्या दोन घासांची तो काय दखल घेणार?" पाचव्या महिन्यात आकडा ऐंशीवर आला तेव्हा काटेवाल्यानं स्वतःची वजनपावती छापून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.

घरी मात्र रोज तोच तमाशा. मुलानं खरवड खायची ही गोष्ट आईच्या पचनी पडत नव्हती. त्याच्या हट्टापुढे ती आधी बसायची, पण चार शितं वाढून घ्यायची. खरवडीवर थोडा भात तरी राहू दे त्याला, एवढाच तिचा हिशेब. आणि हा पातेल्यात डोकावून म्हणायचा, आज फार उरलंय, आणि त्यातलंही निम्मं झाकून ठेवायचा.

एके सकाळी आई सतराव्या पायरीवर खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं, जुना कागद काढून पाहिला आणि म्हणाल्या, "आठ महिन्यांत सहा किलो कमी झालंय. आजी, तुम्ही जेवत नाही का?"

काटेवाल्याचा चेहरा पडला. वजन वाढवायला ट्रकमागे दडवलेला डिझेलचा डबा ज्याच्या नजरेतून सुटत नव्हता, त्याला घरातलं हे वजन दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची फार लाज वाटली.

घरी आल्यावर तो आईसमोर बसला. "अगं, कमी जेवूनच तू इतकी जगलीस ना? मी तेच करत होतो."

आई म्हणाली, "कमी जेवले म्हणून नाही जगले रे. कमी जेवले, तरी जगले."

तिनं पातेल्याकडे बोट दाखवलं.

"तुम्हां तिघां बापलेकांना वाढायचे ना, तेव्हा गरम भाताचा वास सहन व्हायचा नाही मला. कितीदा तरी भुकेनं झोप यायची नाही. तुला नको म्हणायची सोय आहे, म्हणून तू कमी खातोस. मला कुठे होती? यात तुला शिकण्यासारखं काय दिसलं?"

सून ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले, कारण तिलाही यात नवीन काही नव्हतं.

त्या दिवसापासून तिघं एकदम बसू लागली. पातेली मध्ये. आधी आईला वाढायचं, मग बायकोला, आणि मग काटेवाल्याला एक वाटी भात, एक वाटी भाजी. वाटी संपली की जेवण संपलं. समोर गरम भात दिसत असताना उठणं हे खरवड खाण्यापेक्षा दसपट अवघड निघालं. पोटात कावळे ओरडायचे, तो निमूटपणे चालायला निघायचा. आईच्या अंगावर पुन्हा मांस धरू लागलं. वर्षभरात ती चाळीस पायऱ्या चढू लागली, वर कोणी हात धरायला आलं तर त्याला झटकूही लागली.

आणि मग तो दिवस उजाडला. बावन्न वर्षं, चार महिने, दहा दिवस. काटेवाल्यानं घरी ताकास तूर लागू दिली नव्हती. काट्यावर उभा राहिला तर आकडा सत्तर. तो पावती छापत असताना म्हातारा ड्रायव्हर खिडकीशी आला. "आज हसताय? तब्येत बरी आहे ना?"

"आमच्या घरात इतक्या वयाचा पुरुष आजवर झाला नाही," काटेवाला म्हणाला. "मी पहिला."

ड्रायव्हरला सगळी हकिगत ठाऊक होती. त्यानं मागच्या गाडीला सांगितलं, त्यानं त्याच्या मागच्याला. बघता बघता रांगेतल्या चौदाच्या चौदा ट्रकांनी एकदम हॉर्न धरले. एरवी हा आवाज म्हणजे 'आटपा लवकर'. आज काटेवाला छाती काढून खिडकीत उभा राहिला आणि त्यानं तो पुरता ऐकून घेतला. मग पहिल्या ट्रकचं वजन केलं, सूट न देता.

संध्याकाळी चाळीस पायऱ्या एका दमात चढून तो दारात आला, तर आई तिथेच बसलेली.

"आजपासून तू थोरल्याहून मोठा," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"आईला कळणार नाही? वर्षभर मोजतेय." तिनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "झालं माझं मोजणं. आता सुखानं जेवू दे मला."

तिघं बसली. आईनं वाढलेलं सगळं संपवलं, बोटं चाटली आणि विचारलं, "भात आहे ना?"

"आहे," सून म्हणाली.

"मग वाढ. भाजीही घाल."

आयुष्यभर दुसऱ्यांदा घ्यायच्या आधी ती पातेल्यात डोकावायची, कोणी जेवायचं राहिलं तर नाही ना, हे मनात घोळवायची. आज तिनं मान वळवली नाही. ताट पुढे धरलं आणि पुरेसं पडेपर्यंत धरून ठेवलं.