तीन बोटं रुंद

ऊन असं, की मशीनच्या चाकाला हात लावला तर चटका बसावा. शिंपीण सकाळपासून हायस्कूलच्या पँटी घेऊन बसली होती. पोरांची मागणी एकच.

चोरखिसा. कंबरपट्टीच्या आत. तीन बोटं रुंद, वीतभर खोल.

"मोबाईल मावायचा नाही रे त्यात."

"मावशी, तुम्ही शिवा हो!"

शिवले. मुलींच्या सलवारींनाही शिवले. आपल्या हाताला मागणी आली म्हणून बाई तोऱ्यात होती.

तेवढ्यात शेजारची शेळीवाली धुळीच्या पायांनी आत आली.

"काय गं, गावात एवढं खोकतंय कोण?"

"का?"

"शाळेमागच्या बांधाला शेळ्या सोडल्या, तर झुडपाखाली खोकल्याच्या औषधाच्या बाटल्याच बाटल्या! एक शेळी चाटत बसली. चाटून अशी आडवी झाली, म्हटलं गेली."

"मग?"

"उठली संध्याकाळी. माझ्यासारखीच चिवट."

दोघी हसल्या. शेळीवालीनं ओच्यातली रिकामी बाटली मशीनवर ठेवली.

बाटली. शेजारी पँट.

शिंपिणीनं बाटली उचलली, नुकत्याच शिवलेल्या खिशात सरकवली. बुचासकट बसली. वरून हात फिरवला तरी कळेना.

"अगं बाई, मापानंच शिवलाय की!" शेळीवाली म्हणाली, आणि शिवून ठेवलेल्या ढिगाकडं बघू लागली.

तेवीस खिसे. तेवीस घरं. सगळी ओळखीची.

माझ्या पोरीनं नाही मागितला. माझ्या पोरीनं नाही मागितला. असं घोकतच शिंपीण परसात गेली. दोरीवर दहावीतल्या लेकीची सलवार वाळत होती. तिनं ती उलटी केली, नेफा चाचपला.

खिसा नव्हता.

जीव भांड्यात पडला. मग बोट अडलं. कापडावर सुईची बारीक भोकं, ओळीनं. तीन बोटं इकडून तिकडं, वीतभर खाली.

लेक शाळेतून आली. दप्तर खांद्यावरून घसरलं, तिनं उचललं नाही.

"इथं खिसा होता?"

"हो."

"कुणी शिवला?"

"मीच. तुझ्याच मशीनवर."

"उसवलास कधी?"

"काल."

शिंपीण पुढं झाली. तिनं लेकीचा हात घट्ट धरला. "शहाणी माझी बाय! सोडलंस ना ते?"

लेक आईकडं बघत होती, पण नजर कुठं थांबत नव्हती. हसली. शब्द सावकाश आले.

"नाही गं आई. लहान पडत होता."