आर्गिरो की अनार्गिरो

सकाळपासून मोस्खाने बाळाच्या झबल्यावर तिसऱ्यांदा इस्त्री फिरवली. चुणी एकही उरली नव्हती, पण हातांना काहीतरी चाळा हवा होता.

दुपारी बाप्तिस्मा होता. मोस्खा बाळाची नोना, म्हणजे धर्ममाता. पाद्रीबाबा विचारणार, "नाव काय?" आणि तिच्या तोंडून जे निघेल ते त्या मुलीला जन्मभर चिकटणार. त्या काळी सिफनोस बेटावर आईबापांनाही त्यात तोंड घालायची मुभा नव्हती. आई तर घरीच थांबे, आणि पोरं चर्चमधून धावत येऊन ओरडत तेव्हा तिला लेकीचं नाव कळे. तोवर मुलगी नुसती 'बेबा'.

आणि मोस्खाने दोघींना दोन नावांचा शब्द देऊन ठेवला होता.

पहिला शब्द आर्गिरोमावशीला. नवव्या वर्षी मोस्खा पोरकी झाली तेव्हा या मावशीने तिला घरात घेतलं, स्वतःच्या मुलाबरोबर, आपोस्तोलीसबरोबर, एका ताटात जेवू घातलं, शिवण शिकवलं. आता मोस्खाची चाळिशी उलटली, मावशीने सत्तरी गाठली. तिच्या नावात चांदी होती. बेटावरच्या चांदीच्या खाणी समुद्राने कधीच गिळल्या, बाजारातही चांदीला आता 'असीमी' म्हणतात. 'आर्गिरोस' हा जुना शब्द तेवढा माणसांच्या नावांत उरला, विटक्या लुगड्याला जरीचा काठ उरावा तसा. मुलाच्या मुलीला आजीचं नाव, हा तिथला रिवाज. चार वर्षांपूर्वी आपोस्तोलीसला पहिली मुलगी झाली तेव्हा तो पाळलाही गेला. ती धाकटी आर्गिरो दहा महिन्यांची होऊन घटसर्पाने गेली.

"माझं नाव माझ्याआधी मातीत गेलं गं," मावशी म्हणाली होती, बेबा जन्मली त्याच दिवशी. "ते तिथंच कुजू द्यायचं का? तू नोना होणार. वर काढशील ना?"

"काढीन मावशी," मोस्खा म्हणून गेली होती.

पण त्याआधी, सातव्या महिन्यात, मावशीची सून एव्दोकिया हिने मोस्खाला टेकडीवर नेलं होतं. तिथे दोन वैद्य भावांचं छोटं चर्च आहे. हे दोघे संत रोग्यांकडून चांदीचं नाणंसुद्धा घेत नसत, म्हणून ते 'अनार्गिरी'. आपल्या 'अनादर', 'अनाचार'मधला 'अन' त्यांच्याही भाषेत आहे. एव्दोकिया अनवाणी चढली, पोटावर हात ठेवून म्हणाली, "हे जगलं तर तुमचं नाव. वन्सं, तुम्ही साक्षी. तुम्हीच उच्चाराल."

"उच्चारीन," मोस्खा तेव्हाही म्हणून गेली होती. नाही म्हणणं तिला जन्मात जमलं नव्हतं.

आपोस्तोलीस जहाजावर. त्याला लिहिलं तर उत्तर आलं, 'आई म्हणेल तसं करा, आणि एव्दोकियाला रडवू नका.'

"वा रे शहाणा!" मोस्खाने पत्राला सांगितलं होतं.

झबलं टाकून ती अंगणात आली. मावशी भट्टीतून छोल्यांचं मडकं काढत होती.

"तुझं काय बिनसलंय आज? कोंबडीसारखी आतबाहेर चाललीयस."

"काही नाही. मावशी, समजा... दुसरं कुठलं नाव असतं तर?"

मावशीने मडकं खाली ठेवलं. "सूनबाईने कान भरले वाटतं?"

"तसं नाही."

"तसंच. तिला म्हणावं, मीही सून होते. सासूचं नाव कुनेगुंदा होतं, तरी ठेवणार होते मी! मुलगी झाली नाही म्हणून वाचलं कोणी तरी." ती स्वतःच हसली, आणि मडक्यावरची राख पुसू लागली. "मोस्खा, नाव घेणारं कोणी उरलं नाही की माणूस दुसऱ्यांदा मरतो. एवढंच."

मोस्खा तशीच मागल्या खोलीत गेली. एव्दोकिया बाळाला पाजत होती.

"एव्दोकिया, अगं, आर्गिरो नावात वाईट काय आहे?"

"वाईट काहीच नाही." तिने वर पाहिलं नाही. "वन्सं, मी अंगणात उभी राहून 'आर्गिरो, ये गं' अशी हाक मारली, तर येणार कोण? मला दोन्हीकडे बघावं लागेल. रोज. तुम्ही मारा बघू एकदा हाक."

मोस्खा झबलं आणायला निघून गेली.

चर्च गच्च भरलं होतं. मावशी पहिल्या रांगेत, काळ्या कपड्यांवर लग्नातला मोत्यांचा सर घालून. तेलाने माखलेलं बाळ मोस्खाच्या हातांतून निसटू पाहत होतं. पाद्रीबाबा स्ताथीस वयाने थकलेले, कानांनी त्याहून जास्त.

"नाव काय?"

"अ... नार्गिरो," मोस्खा पुटपुटली. पहिलं अक्षर घशातच राहिलं.

"आर्गिरो!" पाद्रीबाबा खूश होऊन गरजले. "शाब्बास! आजीचं नाव!"

पहिल्या रांगेत मावशीने दोन्ही हात छातीशी घेतले. इतका उजळलेला चेहरा मोस्खाने तिच्या आपोस्तोलीसच्या लग्नातही पाहिला नव्हता. दाराशी पोरं पळायच्या तयारीत होती. गप्प राहिलं की झालं! खोटं बोलायचं नव्हतं, नाही म्हणायचं नव्हतं. म्हाताऱ्याच्या कानांवर सगळं ढकलून मोकळं होता येत होतं. एव्दोकियालाही सांगता आलं असतं, मी बरोबरच बोलले होते गं.

पाद्रीबाबांनी बाळाला उचलायला हात पुढे केले. मोस्खाने बाळ सोडलं नाही.

"नाही," ती म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. "आर्गिरो नाही, बाबा. अन. अनार्गिरो."

"काय?"

"अ-नार्गिरो!"

चर्चमध्ये कुजबुज उठली. पाद्रीबाबांनी खांदे उडवले आणि बाळाला तीनदा पाण्यात बुडवलं, तीनदा तेच नाव घेतलं. पोरं उधळली. मोस्खाने ओलं, किंचाळणारं बाळ पांढऱ्या कापडात घेतलं आणि मान वर केली, तेव्हा पहिल्या रांगेत एक जागा रिकामी होती.

पोरांकडून नाव ऐकून एव्दोकिया चर्चच्या दारात आली. मोस्खाने रीतीप्रमाणे बाळ तिच्या हाती दिलं, "आगीपासून, पाण्यापासून जप," म्हणाली. एव्दोकिया तिचा हात चुंबून रडत होती. मोस्खाचं लक्ष तिच्या खांद्यावरून पलीकडे, गल्लीत.

"आई कुठायत?" एव्दोकियाने विचारलं.

"बघते," म्हणून मोस्खा निघालीच. घरी नाही. भट्टीपाशी नाही. शेजारणीने बदामाच्या मिठाईचं ताट पुढे केलं, तिने ते पाहिलंही नाही. विहिरीतही तिने डोकावून पाहिलं. मग तिला सुचलं, आणि ती दफनभूमीच्या पायऱ्या धावतच चढली.

मावशी छोट्या क्रॉसपाशी जमिनीवर बसली होती. क्रॉसवर निळ्या रंगात लिहिलं होतं, आर्गिरो.

"आलीस?" तिने मागे न बघता विचारलं. "तीस वर्षं खाऊ घातलं. आणि भर चर्चमध्ये माझ्या नावापुढे 'नाही' लावलंस."

"मावशी, आत तुमचं नाव आहेच ना सगळं. एक अक्षर पुढे..."

"गप्प बस. मला अक्षरं शिकवतेस?"

वारा जोराचा होता, मावशीचा रुमाल फडफडत होता.

"मी हिला सांगायला आले होते," मावशी म्हणाली, "की बघ, तुझ्या बाप्तिस्म्याच्या वेळी कसं सगळं सुरळीत झालं, आणि आता ही मोस्खा कशी उलटली. चांगली चहाडी करणार होते. तर इथं बसल्यावर हे वाचलं." तिने क्रॉसकडे बोट केलं. "हिच्याकडे दुसरं आहे काय गं? दहा महिन्यांत ना दात आले धड, ना चालली. एक नाव मिळालं होतं. तेही काढून त्या दुसरीला द्यायला निघाले होते मी."

मोस्खा तिच्या शेजारी बसायला वाकली.

"बसू नकोस. तुला माफ केलेलं नाही मी."

"बरं."

"महिनाभर तरी करणार नाही."

"बरं, मावशी."

"आता बरं बरं काय? चर्चमध्ये तर बोंबलत होतीस. हात दे. पायाला मुंग्या आल्यात, कधीची उठता येईना म्हणून बसलेय."

मोस्खाने तिला काखेत धरून उभं केलं. मावशीने मोत्यांचा सर सरळ केला आणि उतरणीकडे पाहिलं. खालून सारंगी ऐकू येऊ लागली होती.

"चल लवकर," ती म्हणाली. "त्या पाद्रीबाबाला ऐकू येत नाही, पण खायला बरोबर येतं. आणि त्या अनार्गिरोला कोणी कोरडे कपडे घातलेत की नाही, देव जाणे."